पास्त्याचा आग्रह

ते इटालियन हॉटेल काकांनी माझ्यासाठी निवडलं होतं, त्यामुळे तक्रारीला जागाच नव्हती. "इंग्लिश मीडियमची मुलगी, तिला काय थालीपीठ खायला घालायचं?" असं ते फोनवर बाबांना म्हणाले. मी शेजारीच उभी होते. मला थालीपीठ चाललं असतं.

आई, बाबा आणि मी सकाळच्या बोटीने मांडव्याहून मुंबईला निघालो. जेवण हे निमित्त होतं. पुण्यातल्या नकाशे तयार करणाऱ्या एका कंपनीने मला नोकरी देऊ केली होती आणि सोमवारपर्यंत उत्तर कळवायचं होतं. बाबा नाही म्हणाले नव्हते. "दादाशी बोलू," एवढंच म्हणाले होते. दादा म्हणजे मुंबईचे काका, बाबांचे थोरले भाऊ. आमच्या वाडीतली म्हातारी पोफळ कधी काढायची, हेही मुंबईला फोन करूनच ठरतं.

"तू मधे बोलू नकोस," आई बोटीत म्हणाली. "बाबा काढतील विषय."

अशा हॉटेलांच्या शाखा आता सगळीकडे आहेत. बाहेर लोक टेबलासाठी उभे होते. आम्हाला कोपऱ्यातली सोफ्याची जागा मिळाली. मी आधी आत सरकले, भिंतीपर्यंत, आणि माझ्या बाजूला काकू बसल्या. त्या उठल्याशिवाय मला बाहेर पडता येणार नव्हतं. एसीचा झोत थेट मानेवर येत होता.

"मॅडम ऑर्डर करतील," म्हणत काकांनी मेनूकार्ड माझ्यापुढे ठेवलं. मैत्रिणींबरोबर मी अशा ठिकाणी गेले होते, पण ऑर्डर नेहमी दुसऱ्याच कुणी दिलेली. उच्चारांची खात्री नव्हती म्हणून मी नावांवर बोट ठेवत गेले. वेटर वाकून वाचत होता.

पांढऱ्या सॉसचा पास्ता कोमट आला. त्यावर साय धरली होती आणि मैद्याचा कच्चा वास येत होता. लाल सॉसचा पास्ता गोड होता. गार्लिक ब्रेड आईला चावेना, तरी ती "खमंग आहे हो" म्हणाली. बाबा गुपचूप चिली फ्लेक्स शिंपडत राहिले.

"कसं आहे?" काकांनी मला विचारलं.

"छान आहे."

झालं. काकू म्हणाल्या, "मला चीज सोसत नाही गो, तुला आवडतं ना, तू घे." मग आईने आपल्यातलं अर्धं माझ्याकडे सरकवलं. ताटात टाकायचं नाही, हे लहानपणापासून अंगात भिनलेलं. मी खात राहिले.

"दादा, ते पुण्याचं..." बाबांनी सुरुवात केली.

"ते मिटलं. अलिबागला कोर्टासमोर माझ्या ओळखीचे वकील आहेत, त्यांच्याशी बोललोय. एक तारखेपासून ये म्हणालेत. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी."

"आणि पुण्यात ही राहणार कशी एकटी?" काकू म्हणाल्या. "वेटरकडे पाणी मागायला लाजते!"

सगळे हसले. खरंच होतं ते, म्हणून मीही हसले. "सोशिक आहे हो," आई म्हणाली. "कधी काही मागितलं नाही पोरीने." आई कौतुकाने बोलत होती, आणि प्रत्येक शब्दागणिक मी त्या भिंतीत आणखी चिणली जात होते.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत, अलिबागला मी बसने जाईन की स्कूटर घ्यायची, इथवर बोलणं पोचलं होतं.

मग काकांनी पास्त्याच्या भांड्यातला मोठा डाव उचलला. वाडीत लग्न असलं की काका पंगतीत जिलबी वाढायला फिरतात आणि कुणालाही सोडत नाहीत. ताटावर आडवा हात आला की त्यांना चेव चढतो. ते जिलबी तशीच हातात धरून समोरच्याशी गप्पा मारतात, आणि त्याचा हात जरा ढिला पडला की जिलबी ताटात. ज्याला वाढतात त्यालाही हे माहीत असतं. शेवटी हात काढायचाच असतो.

"हे शेवटचं," म्हणत ते अर्धवट उभे राहिले. "लाजायचं नाही."

मी ताटावर हात आडवा धरला.

"घेते, घेते, बघा," काकू म्हणाल्या.

काका थांबले. मी हात हलवला नाही. हात निघणारच अशा खात्रीने त्यांनी डाव कलता केला आणि पास्ता माझ्या हातावर पडला. सॉस बोटांमधून ओघळला. भाजलंसुद्धा नाही.

"अगो, हात काढायचा ना!" काकू टिश्यू शोधू लागल्या.

"काढायचा नव्हता."

माझा आवाज मोठा आला. शेजारच्या टेबलावरचे लोक बघू लागले.

"नको होतं तर तोंडाने सांगायचं," काका म्हणाले.

"नकोय, काका. मघापासूनच नको होतं. अलिबागची नोकरीही नकोय. मला पुण्याला जायचंय."

हात मी अजून ताटावरच ठेवला होता. उचलला तर सॉरी म्हणून मोकळी होईन, अशी भीती वाटत होती.

काका खाली बसले. "तुला माहीत होतं?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो," बाबा म्हणाले. "मला वाटलं, तू विचारशील तिला."

"मी त्या वकिलांना शब्द दिलाय."

"मी भेटतो त्यांना. येत नाही म्हणून सांगतो."

काकांनी बिल मागवलं. एरवी ते आम्हाला बोटीपर्यंत सोडायला येतात. त्या दिवशी हॉटेलच्या दारातच त्यांनी स्वतःसाठी टॅक्सीला हात केला. आई आमच्या पुढे झपझप चालत राहिली. "चारचौघांत बोलायची काय गरज होती?" वळून न बघताच तिने विचारलं. घरी बोलले असते का, हे मला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

बोटीच्या रांगेत बाबांनी मला बाजूला घेतलं.

"पुण्याला कळव."

"सोमवारपर्यंत वेळ आहे, बाबा."

"आत्ता कळव. घरी पोचेपर्यंत दादाचा फोन येईल. मग मला नाही म्हणता यायचं नाही."

मी फोन काढला. माझा मेल जाईपर्यंत बाबा माझ्याकडे पाठ करून, रस्त्याकडे बघत उभे राहिले.