नाल्याअलीकडची नायकीण

धुरपताबाई दर सोमवारी आमच्याकडे तूप घेऊन येतात. बस यायला वेळ असला की पायरीवर बसून बोलतात. दिग्रसजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्याला बाबूसिंगचा तांडा म्हणतात. बाबूसिंग त्यांचे यजमान, तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. ते गेल्यावर नायकी पुतण्याकडे, नेमसिंगकडे गेली. तांड्याचं नाव मात्र तेच राहिलं.

सरकारदरबारी हा तांडा गाव नव्हताच. शेजारच्या मोठ्या गावाची एक वस्ती. तालुका बदलला तोही त्या गावाचं बोट धरून. नळ असो की रस्ता, आधी तिकडे, उरलंसुरलं इकडे. तांड्याचं वेगळं गाव व्हावं ही मागणी बाबूसिंगांनीच लावून धरली होती. ती अखेर मार्गी लागली. मोजणीवाले आले आणि त्यांनी हद्द नाल्यावरून धरली.

सगळा तांडा नाल्याच्या पलीकडे, नव्या गावात. धुरपताबाईंचं घर तेवढं अलीकडे, जुन्या गावात राहिलं.

त्याला कारण होतं. त्यांच्याकडे नायकाचं घर तांड्याच्या तोंडाशी असायचं. पाहुणा येवो की पोलीस, आधी नायकाला भेटायचं. म्हणून बाबूसिंगांनी नाला ओलांडून, वाटेवर घर बांधलं होतं.

"याडी, तुहं घर इकडं आणू," नेमसिंग म्हणाला. याडी म्हणजे आई; तांड्यात सगळे त्यांना तसंच म्हणतात. "आम्ही बांधून देतो."

"आन् त्याइचा ओटा? तोही उचलून आणतं?" घरामागं शेतात बाबूसिंगांची समाधी आहे.

"मंग आपण ग्रामसभेत नव्या गावाचा ठरावच थांबवू. पुन्हा मोजणी मागू."

"तवरिक तुही पोरं म्हातारी होतीन. मोठा नायक आला!"

ग्रामसभा जुन्या गावातच भरली. ठराव वाचून झाला, हात वर करायला सांगितलं. नेमसिंगचा हात उठेना. तो काकीकडे बघत राहिला, आणि तांडा नेमसिंगकडे. शेवटी बायकांमधून धुरपताबाई उभ्या राहिल्या. हात वर केला आणि तसाच धरून ठेवला.

"पाहून काय राह्यले रे? माहा हात दुखून राह्यला!"

मग हात वर झाले.

आता बाबूसिंगांच्या नावाचं गाव आहे, आणि त्यांच्या बायकोचं रेशन, मत दुसऱ्या गावात.

दिवाळीच्या अमावस्येला तांड्यातल्या कुवार पोरी दिवे घेऊन घरोघर शुभेच्छा देत फिरतात, पहिल्यांदा नायकाच्या दारी. यंदा त्या नेमसिंगकडे गेल्या, मग ओळीनं सगळीकडे. धुरपताबाई दारात उभ्या होत्या. येतील असं त्यांनी धरलं नव्हतं. पण दिवे नाला उतरताना दिसले. पुढे सोनू, नेमसिंगची मुलगी. "याडी, तोन मेरा," ती म्हणाली, म्हणजे आई, तुला दिवाळीच्या शुभेच्छा.

"मी रागावलीच त्याइले," मला सांगताना धुरपताबाईंचा तुपाच्या डब्यावरचा हात थांबला. "कायले आल्या म्हटलं इतक्या अंधारात? घरं फिरता फिरता दिव्यातलं तेल सरून गेलतं पोरींच्या."

"मग?"

"मंग काय. टाकलं मी. वापस जायाचं होतं न त्याइले."