वानखडे सरांना बाजारात धक्का लागत नाही

वानखडे सरांना मी प्रथम नीट पाहिले ते रिसोडच्या आठवडी बाजारात, आणि संशयाने पाहिले. माझे बी.एस्सी.चे पहिले वर्ष होते आणि सर आम्हाला भौतिकशास्त्र शिकवत. हवेतला रेणू दुसऱ्या रेणूवर आदळेपर्यंत सरासरी किती अंतर जातो, हे शिकवायला सरांनी वर्ग बाजारात आणला होता. सरळ चालायचे, धक्का लागला की तोवर झालेली पावले सांगायची आणि दिशा बदलायची. आधी सर चालले. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांना कुणाचाही धक्का लागला नाही.

"सर, हे माप नाही चालत," मी म्हणाले. "लोकं तुमाले पाहून सरकून राह्यले."

सर म्हणाले, "मंग तू चाल."

मी लगेच एका मिरचीवालीवर आदळले. "काय वो बाई, डोये घरी ठिवून आली काय?"

सरांनी स्वतःचा आकडा खोडून माझा धरला. इतक्या सहज चूक मान्य करणारे शिक्षक मी पाहिले नव्हते. माझा संशय वाढलाच.

पुढे मला एम.एस्सी.साठी नागपूरला जायचे होते आणि बाबांचा नकार होता. सर न बोलावता आमच्या घरी केनवडला आले. कुणाचे तरी स्थळ आणले असणार, असे मी धरून चालले. बाबांनी तर विचारलेच, "सर, तुमचं काय अडलं याच्यात? पोरगं हाये का कोणाचं पाहण्यात?"

"पोरगं नाही. पोरीले शिकू द्या."

"तिथं कोण पाहीन तिले?"

"होस्टेल मी पाहून आलो. तुमीबी चला, मनासारखं नसलं तर वापस आणू."

बाबांनी कातरलेली सुपारी सरांपुढे केली. मग म्हणाले, "तुमी म्हणता तं जाऊ द्या."

आज मी निर्वात कक्षात काचेवर धातूचा थर चढवण्याचे काम करते. धातूचे अणू काचेपर्यंत सरळ पोचावेत म्हणून आम्ही त्यांना ढकलत नाही. वाटेतली हवा काढून घेतो. सरांनी माझ्यासाठी तेवढेच केले. बाजारात मी नाकारलेले माप त्यांनी आमच्या ओसरीवर वापरले: त्यांना पाहून बाबा माझ्या वाटेतून सरकले.

यात त्यांचा फायदा काय, हे मी अजून शोधते आहे. एखादी शिफारस, एखादे काम ते सांगतील म्हणून वाट पाहिली. फोन येतो तो फक्त कक्षातला दाब विचारायला. पुरावा नसताना निष्कर्ष लिहू नये, हेही त्यांनीच शिकवले. त्यामुळे तपास चालू आहे आणि तो लवकर संपेल असे दिसत नाही.

साठी पूर्ण करणाऱ्या सरांना त्या तपासाला पुरून उरेल एवढे निरोगी आयुष्य लाभो. रिसोडच्या बाजाराने त्यांच्यासाठी असाच रस्ता सोडत राहावे. ते माप आता मला मान्य आहे.