अकरा वाजता आडवा येणारा हात

दुकानाला लिंबू-मिरचीसुद्धा न बांधणारा माणूस आहे मी. दहावी नापास. लॅबची जुनी यंत्रं घासाघीस करून घ्यायची, दुरुस्त करून उभी करायची, यावर घर बांधलं. माझा विश्वास फक्त मल्टिमीटरवर. तरी हे लिहितोय, कारण माझ्या कामाला लागलेला एक डाग अजून निघत नाही...

गेल्या वर्षी लातूरच्या एका कॉलेजात टेराहर्ट्झ लहरींचा सेटअप बसवला. लेसरच्या मदतीने या लहरी तयार करतात. कागद-कापडातून आरपार जातात, पण पाण्याला अडतात. म्हणून सगळं बंद पेटीत, कोरडी हवा भरून ठेवायचं. लेसर नांदेडच्या एका प्रयोगशाळेने मोडीत काढलेला. तिथले लॅब असिस्टंट गंगाधरमामा... नात्याचे नाहीत, पण हे काम मला त्यांनीच शिकवलं. सकाळी अकराला लेसर तापला की पेटी बंद करण्याआधी मामा लहरींच्या वाटेत तळहात तीनदा आडवा धरायचे. हातात पाणी असतं, सिग्नल पडायलाच हवा, पडद्यावरची रेघ खाली यायलाच हवी. पडला तर खरा. नाही पडला तर ती नुसती वायरींची भुणभुण.

लातूरला सगळं झकास चाललं. फक्त रोज अकराला सिग्नल पडायचा. तीनदा. पेटी बंद, झाकणाला स्क्रू!

तिथले सर म्हणाले, "लूज कॉन्टॅक्ट आहे. जुनं सामान घेतलं की हे असंच."

माझं डोकंच फिरलं. "एक सांधा ढिला दाखवा सर, आत्ता सगळं उचलून नेतो!"

आठ दिवस एकेक सांधा उघडला. केबल बदलल्या, वीज दुसऱ्या लाइनवरून घेतली. अकराला पुन्हा तेच. सरांनी शनिवारची मुदत दिली, नाहीतर सेटअप परत.

शुक्रवारी नांदेड गाठलं, मामांना विचारायला. त्यांना लकव्याचा झटका येऊन ते अंथरुणाला खिळलेत, हे मला माहीतच नव्हतं.

मामी म्हणाल्या, "आता आठवण झाली व्हय रे? बोलत न्हाईत ते. वळखत बी न्हाईत. अकरा वाजले की तेवढा हात चालतो बघ."

तेवढ्यात अकरा वाजले आणि सरांचा फोन. "ऐका! पडला... हा पुन्हा पडला!"

समोर मामांचा तळहात आडवा. खाली. पुन्हा आडवा.

मी लातूरला गेलोच नाही. शनिवारी अकराला मामांचा हात दोन्ही हातांनी दाबून धरला. "मामा, आजचा एकच दिवस. माझ्या नावाचा प्रश्न हाय." केवढा जोर होता त्या हातात! मग तो ढिला पडला. फोनवर सर खूश. "सरळ रेघ! जमलं की तुम्हाला." सही झाली. रिपोर्टात त्यांनी लिहिलं, "लूज कॉन्टॅक्ट दुरुस्त केला."

लूज कॉन्टॅक्ट नव्हताच! यावरून मी अजून भांडतो. पण मग कोणता सांधा आवळला, हे कोणत्या तोंडाने सांगू?

त्या दिवसापासून मामांचा हात हललेला नाही. डॉक्टर म्हणतात, या आजारात होतं असं. होत असेल. मला काही कळत नाही. मी दर शनिवारी नांदेडला जातो, अकराला त्यांचा तळहात उचलून तीनदा आडवा धरतो. फोन कानाला.

सर वैतागतात. "सरळ रेघ आहे हो. कितीदा विचाराल?"