पंख मिटला त्यानंतर

पॅराग्लायडिंग शिकले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि सोलापुरात पोस्टाच्या काउंटरवर बसत होते. अजूनही बसते. बहिणीने वाढदिवसाला मला पुण्यापलीकडे कामशेतला नेलं होतं आणि एका शिक्षकाच्या पुढ्यात बांधून दहा मिनिटं हवेत धाडलं होतं. पाय जमिनीवरून सुटले आणि सगळे आवाज एकदम खाली राहिले. परत आल्यावर आठवडाभर मी जेवताना हसत होते म्हणे. पुढच्या हिवाळ्यात रजा टाकून एकटीने उडायला शिकले.

"शिक की," नवरा म्हणाला होता, "मला फक्त खालीच राहू दे." तो कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि स्टुलावर चढायलाही बिचकतो. सासूबाई दुधनीकडच्या, त्यांचं बोलणं कानडी वळणाचं. त्या म्हणाल्या, "अय्यय्यो, पाखरू व्हायचं व्हय आता?"

महिन्यातून एकदा जायचं ठरलं. पण त्या एकदाला किती गोष्टी जुळाव्या लागत! आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तो दिवस टाळायचा. मुलीची चाचणी परीक्षा टाळायची. रजा मिळवायची, डबे करून ठेवायचे, मग पहाटे पाठीवर कापडी पंखाची ती अवजड पिशवी घेऊन पुण्याची गाडी धरायची. गाडी कुर्डुवाडीच्या पुढे गेली तरी गॅस बंद केला का, हेच डोक्यात असायचं.

पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारीत एकदा दुपारची हवा जरा दांडगी होती. मी डोंगरकड्यासमोर उडत होते आणि खरं सांगायचं तर मुलीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मवरचा फोटो जुना लावलाय का, याचा विचार करत होते. तेवढ्यात डोक्यावर कुणी चादर झटकावी तसा आवाज झाला. वर पाहिलं तर पंखाची उजवी बाजू मिटून लोंबत होती. मी उजवीकडे कलले, डोंगर गरकन माझ्याकडे वळला. शिकवलं होतं तसं अंग डावीकडे टाकलं, डाव्या हाताने ब्रेकची दोरी जराशी ओढली. फट् करून पंख उघडला. तीन-चार सेकंदांचाच खेळ. मी नीट उतरले, पंखाची घडी केली, पोहेसुद्धा खाल्ले.

भीती आली ती मंगळवारी, काउंटरवर. एका पाकिटावर शिक्का मारायला हात उचलला आणि तो तसाच वर राहिला. समोरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, बरं वाटत नाही का?"

त्यानंतर मी दोनदा कामशेतला गेले. दोन्ही वेळा डोंगरावर चढले, पंख पसरला, पट्टे आवळले, आणि पळायला पाऊलच उचलेना म्हणून सगळं गोळा करून पायी खाली आले. आमचे शिक्षक निवृत्त फौजी. ते दुसऱ्या वेळी माझ्याबरोबर चालत उतरले. पायथ्याशी त्यांनी माझी पिशवी उतरवून घेतली. मग म्हणाले, "ताई, न उडायचं ठरवणं हा निर्णय चांगलाच असतो. पण तो कशामुळे घेतला, ते शोधा."

घरी मी यातलं काहीच सांगितलं नव्हतं. सगळे विचारायचे, "कसं झालं?" मी म्हणायचे, "छान." इकडे कामात चुका व्हायला लागल्या. एका म्हाताऱ्या पेन्शनरांचं पासबुक मी दुसऱ्याच माणसाच्या हातात दिलं, त्याचं यांना. म्हातारबाबा दोन तासांनी ते बदलून घ्यायला परत आले, आणि वर मलाच म्हणाले, "व्हतंय की बाई, ध्यान कुटं असतंय माणसाचं." त्या वाक्याने मी त्या संध्याकाळी घरी येऊन रडले. नवऱ्याला सगळं सांगितलं.

त्याने शांतपणे विचारलं, "कशाची भीती वाटते? पडायची?"

मला वाटलं होतं, हो म्हणेन. पण तोंडातून निघालं, "नाही. पंख मिटला तेव्हा मी तिथे नव्हतेच. मी इथे होते, फॉर्म भरत होते. आणि इथे असते तेव्हा तिकडे डोंगरावर असते. म्हणून ते पासबुक चुकलं."

"मग आधी इथंच सराव कर की," तो म्हणाला. "मी येतो."

अक्कलकोट रस्त्याला त्याच्या ओळखीतलं एक पडीक रान होतं. उन्हाळाभर दर रविवारी सूर्य उगवता उगवता आम्ही तिथे जायचो. उडायचं नाही, नुसता पंख वाऱ्यावर उभा करायचा आणि डोक्यावर तोलून धरायचा. वारा वाढला की स्टुलाला भिणारा माझा नवरा मागून माझे पट्टे गच्च धरायचा. शेताच्या मालकीणबाई बांधावर बसून बघायच्या.

"उडणार न्हाय का?" त्यांनी एकदा विचारलं.

"आज नाही."

"मग उगं कशाला उभा केलाय?"

"वाऱ्याची ओळख करून घेतेय."

"घ्या घ्या," त्या म्हणाल्या. "लई लहरी हाय त्यो."

पंख तोलताना मन जरा इकडेतिकडे गेलं की तो लगेच एका बाजूला पडायचा. हळूहळू मला ते आधीच कळायला लागलं. पंख पडायच्या क्षणभर आधी मी कुठेतरी गेलेली असायचे. सोमवारी काउंटरवरही कधी कधी कळायचं. कधी कधीच.

पावसाळा संपला. नोव्हेंबरात मी पुन्हा त्या डोंगरावर उभी राहिले. पट्टे आवळण्याआधी घरी फोन केला.

"पाणी आलं का?"

"आलं, भरलं. पोरगी अभ्यास करतेय, आई झोपलीय," नवरा म्हणाला. "आता फोन ठेव आणि तिथं राहा."

भीती होतीच. तरी चार पावलं पळाले आणि जमीन सुटली.

कड्याच्या उजव्या अंगाला तापलेली हवा वर येत होती. पंख आधी थरथरला, मग कुणी खालून तळहातावर घ्यावं तशी मी वर जाऊ लागले. मी वळण धरलं. एका घारीने माझ्याच वर्तुळात येऊन जागा घेतली, जेमतेम दहा-बारा हातांवर. तिच्या पंखांच्या टोकाची पिसं एकेक करून वाऱ्याला जोखत होती. तिने मान वळवून मला पाहिलं आणि परत आपल्या कामाला लागली. खालून भाजलेल्या मातीचा वास आला. आणि मग वाळल्या गवताची एक काडी माझ्या बुटांशेजारून, गुडघ्यांशेजारून, तोंडासमोरून सावकाश वर निघून गेली. तिला ना पंख, ना दोऱ्या. मी तिच्याकडे बघतच राहिले. धरणाचं पाणी, घाट, पलीकडचे डोंगर, सगळं एवढं मोठं होतं की त्यात माझ्या भीतीलाही बसायला जागा होती. घर त्या वेळी आठवलं नाही. हे माझ्या लक्षात आलं ते उतरल्यावर.

घरी आल्यावर नवऱ्याला आणि मुलीला सांगताना शब्दच सुचेनात; वारा सरळ वर उचलून नेतो, एवढंच म्हणाले. सासूबाई ज्वारी निवडत ऐकत होत्या.

"वारा उभा बी वाहतो व्हय?" त्यांनी विचारलं.

"हो. ऊन लागून जमीन तापली की."

त्यांचे हात थांबले. "म्हंजे वावटळ की गं. दुधनीला खळ्यावर यायची. पाचोळा गरागरा वर न्यायची. आमी पोरी मुद्दाम आत शिरायचो."

"आत?" मुलगी ओरडली.

"मग! डोळं मिटायचं, हात वर करायचं." त्यांनी दोन्ही हात वर केले, ज्वारीचे दाणे बोटांतून परातीत गळले. "अंगातलं वझं जातंय बघ. पाय भुईवर, पन वाटतं आता निघालो. आई लई मारायची."

एवढ्या वर्षांत हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या मुलालासुद्धा नाही. तो त्यांच्याकडे तोंड उघडं ठेवून बघत होता. त्या अजून हात वर धरून बसल्या होत्या, डोळे मिटलेले.