आबिड्सवरचं परवा

लग्न होऊन पुण्याहून हैदराबादला आले, तेव्हा सासऱ्यांनी पहिल्याच सकाळी मला गॅलरीत उभं केलं. खाली आबिड्सचा रस्ता. "सूनबाई, परवा इथे टांग्यांचा अड्डा होता," ते म्हणाले. मी वाकवाकून घोडे शोधले. दोन दिवसांत अड्डा हलवला म्हणजे इथली नगरपालिका भलतीच चपळ दिसते, असं कौतुकानं बोललेसुद्धा. घरभर हशा पिकला. टांगे जाऊन जमाना लोटला होता. हैदराबादी माणसाचं 'परसों' म्हणजे होऊन गेलेला कुठलाही दिवस, आणि सासऱ्यांच्या मराठीत त्याचं परवा झालं होतं.

मग कळत गेलं, की या रस्त्याचा सगळा इतिहासच परवाचा. परवा इथे एकानं थाटात दुकान काढलं नि त्याचं नाव अख्ख्या रस्त्याला चिकटलं. परवा डबल डेकर बस गॅलरीच्या इतकी जवळून जायची, की वरच्या मजल्यावरच्या माणसाशी आदाब व्हायचा. सासरे सांगायचे झकास, नाही म्हणणार नाही. पण तो रस्ता त्यांचा होता. माझ्या वाट्याला आले ते हॉर्न, धूर आणि दारात आडव्या लावलेल्या स्कूटरी. खिडकी उघडली तर धूळ, मिटली तर घुसमट. रविवारी फुटपाथभर जुनी पुस्तकं पसरलेली, त्यामुळे स्वतःच्याच जिन्यातून बाहेर पडायला "भय्या, जरा सरको" म्हणावं लागायचं.

मला शहराच्या शांत भागात, तारनाक्याला राहायला जायचं होतं. तळमजला, दारात कढीलिंबाचं झाड, एवढंच. नवऱ्यानं लग्नाआधीच कबूल केलं होतं. विचारलं की म्हणायचा, "परवा बघू की. जल्दी काय आहे?" मराठीतलं परवा मागेही जातं नि पुढेही. मागचं टोक सासऱ्यांनी सैल सोडलं होतं, पुढचं त्यांच्या लेकानं. मधे मी.

सासरे गेले. आता तरी निघू, असं वाटलं. तर नवराच गॅलरीतल्या त्यांच्या खुर्चीत बसायला लागला. मेट्रो आली, दुकानांच्या पाट्या बदलल्या, गिऱ्हाईक मॉलकडे वळलं. हा हलला नाही. माझे गुडघे मात्र गेले. जिना उभा आणि अंधारा. हल्ली मी खाली उतरतच नाही, भाजी दोरीला बांधलेल्या टोपलीतून वर येते. रागानं नुसती फणफणते, पण भांडणार कशावरून? त्यानं नाही असं कधी म्हटलंच नाही.

परवा, म्हणजे खरोखरच परवा, माझी भाची आली. पुण्याची पोर, इथे सॉफ्टवेअरमध्ये नोकरीला लागलीय. गॅलरीतून रस्ता बघून हरखली.

"मावशी, ते समोरचं कपड्यांचं दुकान केवढं मोठं आहे गं!"

"परवा तिथे थिएटर होतं," मी म्हणाले.

"परवा? मग दोन दिवसांत दुकान कसं उभं राहिलं?"

नवरा खुर्चीत खो खो हसला. मला हसू येईना. माझ्या तोंडून सासरे बोलले होते.

भाचीला ते काही कळलं नाही. तिनं माझा हात धरला. "मी तारनाक्याला तळमजल्यावर जागा घेतलीय. रविवारी गाडी घेऊन येते, आम्ही दोघी-तिघी मैत्रिणी मिळून तुला अलगद खाली उतरवतो. महिनाभर राहा माझ्याकडे. येशील ना?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं.

"परवा बघू की," मी म्हणाले.