बोर्ड पपा वाचणार: फुजैराच्या तपकिरी पाट्या आणि एक कोरडी वादी

आमच्या घरात एक नियम आहे. सहलीला गेलं की बोर्ड पपा वाचणार. पपा म्हणजे माझे वडील. वसईच्या शाळेत त्यांनी बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. किल्ला असो, चर्च असो, ते बोर्डासमोर उभे राहणार, घसा साफ करणार आणि खणखणीत आवाजात वाचणार. आम्ही मागे रांगेत उभे. मधेच कुणी स्वतः वाचायला गेलं की, "घाई कसली आहे बाय?" लग्न होऊन मी दुबईला आले त्याला तेरा वर्षं झाली, तरी बोर्ड दिसला की माझे डोळे अजून पपांना शोधतात. ऑफिसात मी व्हिसाचे पेपर तपासते, एका चुकीच्या अक्षरावरून फाईल परत पाठवते. आणि तीच मी, पपा सोबत असले की काहीही वाचत नाही.

मम्मी गेल्यापासून पपा वसईला एकटे राहतात. या हिवाळ्यात दोन महिन्यांसाठी आमच्याकडे बर दुबईला आले होते. परतीचं तिकीट गुरुवारचं. आल्या दिवसापासून एकच टुमणं, इथल्या पूर्व किनाऱ्यावरचं फुजैरा. "ज्या पोर्तुगीजांनी आपला वसईचा किल्ला बांधला, ते त्या किनाऱ्यावरही होते. मी नुसतं पुस्तकातून शिकवलं. तिथल्या तपकिरी पाट्या मला एकदा वाचायच्या आहेत." इथे हायवेवर ऐतिहासिक जागांची दिशा दाखवायला तपकिरी पाट्या असतात, त्या.

नवऱ्याची हॉटेलात वीकेंडची ड्युटी, म्हणजे गाडी मी चालवणार. डोंगरातल्या रस्त्यावर एकटीने पहिल्यांदाच. शनिवारी सकाळी सातला निघालो. मागच्या सीटवर रिया, माझी नऊ वर्षांची मुलगी, आणि डब्यात चिकन सँडविच, उकडलेली अंडी आणि पपांनी वसईहून आणलेली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी. मोबाईलवर 'पूर्वेकडे पावसाची शक्यता' असं येत होतं. मी पपांना सांगितलं तर ते हसले. "आपल्या घरात दर जुलैला पाणी येतं बाय. इथल्या चार थेंबांना घाबरायचं?" मीही हसले. वसईचं माणूस पावसाला काय भिणार.

जाणाऱ्यांसाठी माहिती. आम्ही धैद, मसाफीवरून गेलो. थांबत थांबत अडीच तास धरा. रस्ता मस्त, पण मसाफीनंतर वळणं आहेत. टाकी दुबईतच फुल करा, आमची एकशे तीस दिरहममध्ये झाली. "म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर," पपा लगेच. मसाफीच्या अलीकडे फ्रायडे मार्केट लागतं, नाव फ्रायडे पण उघडं रोज. गालिचे, माठ, भाजलेली कणसं. करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, दोन दिरहम. मी पपांच्या हातात मेन्यूकार्ड दिलं, तर त्यांनी तसंच परत केलं. "तूच सांग. मला काय, काहीही चालतं." तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही.

पहिला थांबा बिथनाचा किल्ला. डोंगरातली वाट राखायला बांधलेला, खाली खजुराच्या बागा, फार सुंदर. पपा बोर्डासमोर उभे राहिले, घसा साफ केला आणि कुठेही न अडखळता सगळी माहिती मराठीतच सांगून टाकली. मला शाळेच्या दिवसांसारखं वाटलं.

दुसरा फुजैराचा किल्ला. फाटकाजवळ एक बोर्ड होता. पपांनी तो वाचायला घेतला, माती-दगडाचं बांधकाम, बुरूज, समुद्रावरचे हल्ले, सगळं. रियाने माझी ओढणी ओढली. "मम्मा, दॅट्स नॉट व्हॉट इट सेज. इट्स जस्ट द टायमिंग्ज."

"गप्प बस. आजोबांना जास्त माहिती आहे," मी म्हटलं. मी बोर्डाकडे बघितलंच नाही. बघायची हिंमत झाली नाही, हे आज कबूल करते.

तिसऱ्या जागेचं नाव मी देणार नाही, कारण तिथे कुणी जावं असं मला वाटत नाही. मुख्य रस्ता सोडून आत गेलो, तर एक तपकिरी पाटी, जुन्या टेहळणी बुरुजाची. तिच्याशेजारी दुसरा, लाल कडेचा बोर्ड. तिथून खडीचा रस्ता खाली वादीत उतरत होता. वादी म्हणजे डोंगरातलं कोरडं नदीपात्र, नुसते दगडगोटे. लांब डोंगरमाथ्यावर काळं झालं होतं, आमच्या डोक्यावर मात्र ऊन. पपा उतरले, दोन्ही बोर्डांसमोर उभे राहिले आणि परत येऊन म्हणाले, "बुरूज पुढेच आहे. रस्ता पलीकडे जातो. चल." मी गाडी खाली घातली. काचेतून मान वळवली असती तरी लाल बोर्ड मला वाचता आला असता.

पात्राच्या मधोमध एक बाभळीसारखं झाड होतं. त्याच्या सावलीत गाडी लावून चटई टाकली. खाणं झालं, आणि सुकेळं तोंडात टाकून पपा पलीकडच्या काठाकडे, बुरुजाकडे निघाले. मी आणि रिया डबे आवरत होतो.

तेवढ्यात मागून हॉर्न. सतत. वरच्या रस्त्यावर चारा भरलेला पिकअप थांबला होता आणि एक म्हातारा पठाण ड्रायव्हर दोन्ही हात हलवत मला बाजी, म्हणजे ताई, अशा हाका मारत होता. "बाजी, निकलो! ऊपर बारिश है, पानी आता है! यल्ला, यल्ला!"

मी वर बघितलं, ऊन होतं. मग आवाज ऐकू आला. खडीचा ट्रक रिकामा करतात तसा, पण न थांबणारा. रियाला गाडीत कोंबलं आणि ओरडले, "पपा, इकडे या! पाणी येतंय!"

ते वळले. मी दोन्ही हात हलवत होते, मधे पन्नास पावलांचं अंतर, आणि माझे वडील माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचा चेहरा माझ्या डावीकडे, मोकळ्या दगडांकडे होता. "कुठे आहेस बाय?" म्हणाले. भर उन्हात, पन्नास पावलांवरून.

त्या क्षणी मला सगळं कळलं. मेन्यूकार्ड, टायमिंगचा बोर्ड, सगळं. मी धावले. ते आवाजाच्या दिशेने येत होते, पण पाय दगडांत अडकत होते. एकदा गुडघ्यावर पडले. मी हात धरून त्यांना अक्षरशः फरफटत आणलं. घाईत क्लच सुटला आणि गाडी एकदा बंद पडली. चढ चढून रस्त्यावर आलो, मागे बघितलं तर झाडाच्या बुंध्याशी तांबडं पाणी फिरत होतं. दोन मिनिटांनी चटई दिसेनाशी झाली. मग अर्धं झाड.

पठाणबाबा जवळ आले. रागावले नव्हते, तेच जास्त लागलं. "बाजी, बोर्ड लगा है. बादल हो तो नीचे नहीं जाना. पढ़ा नहीं?"

मी पपांकडे बघितलं. रियानेही. पपा रुमालाने गुडघा पुसत होते. पुसायला तिथे काही नव्हतं.

परतताना मसाफी गेल्यावर पपांनीच बोलायला सुरुवात केली. "डाव्या डोळ्याने गेल्या वर्षापासून काही नाही. उजव्यात मधोमध डाग आहे. कडेचं दिसतं. तुझा चेहरा दिसत नाही."

"आणि बिथनाचा बोर्ड?"

"मोबाईल वाचून दाखवतो ना. दोन महिने तुम्ही कामावर, रिया शाळेत. सगळ्या जागांची माहिती ऐकून पाठ केली."

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर गुरुवारी मला जाऊ दिलं नसतंस. मला माझ्या घरी राहायचंय बाय. तिथे मला प्रत्येक पायरी पाठ आहे."

मी गाडी बाजूला घेतली आणि त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. "रिया होती गाडीत, पपा. तुमच्या शब्दावर मी तिला नदीत नेलं." मग मीच रडले, कारण बोर्ड माझ्याही डोळ्यांसमोर होता आणि माझे डोळे धड आहेत.

सोमवारी रजा टाकून त्यांना इथल्या ऊद मेथा भागातल्या डोळ्यांच्या क्लिनिकमध्ये नेलं. डावा डोळा गेलेला आहे. उजवा इंजेक्शनांनी टिकेल, आणि ती मुंबईतही मिळतात. म्हणजे जायला डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत माझी होती. तिकीट रद्द करायचं पान मी मोबाईलवर उघडूनच ठेवलं होतं.

"आंधळेपणाची भीती नाही मला," मी त्यांना म्हटलं. "उद्या रस्ता ओलांडताना तुम्ही कुणाला विचारणार नाही, याची आहे. अनोळखी माणसाला 'मला दिसत नाही' असं म्हणता येत असेल तर जा. नाहीतर इथेच राहा." बत्तीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाने असं म्हणणं किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

बुधवारी संध्याकाळी खाडीवर फिरायला गेलो. अब्रा होड्या ये-जा करत होत्या, गर्दी होती. जुन्या वस्तीत एका घराच्या भिंतीवर माहितीची पाटी आहे. पपांना ती कशी जाणवली देव जाणे, बहुतेक कडेने दिसली असावी. ते समोर उभे राहिले. घसा साफ केला. सवयीने मी आणि रिया मागे उभ्या राहिलो. ते काहीच बोलेनात. रिया पुढे व्हायला लागली, मी तिचा खांदा धरून ठेवला.

शेजारी एक माणूस बायकोचा फोटो काढत होता. पपा त्याच्याकडे वळले, म्हणजे त्याच्या जरा उजवीकडे.

"भाईसाब," ते म्हणाले, "यह ज़रा पढ़के सुनाएँगे? मुझे दिखता नहीं है."

त्या माणसाने मोबाईल खिशात ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. पपा हात मागे बांधून, वर्गातल्या मुलासारखे ऐकत राहिले. मी माझ्या मोबाईलवरचं ते पान बंद केलं.