मृणालचा शेवटचा हप्ता

परवा बँकेत माझी मुलगी मृणाल शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता भरत होती. मी शेजारी उभा होतो. जनसंवादाच्या पदवीसाठी हे कर्ज काढलं, तेव्हा माझे मेहुणे म्हणाले होते, "दाजी, पोरगी बोलायला शिकणार आणि व्याज तुम्ही भरणार?" पुढे तिला आमच्याच नदीकाठच्या गावात छोट्या रेडिओ केंद्रावर नोकरी लागली. निम्मा पगार हप्त्यातच जायचा. मेहुण्यांचं खरं होतं, असं मलाही वाटू लागलं होतं.

पावती देताना काउंटरवरच्या बाई थबकल्या. "पुरात रेडिओवर तुम्हीच बोलत होता ना? कुठल्या रस्त्यावर पाणी चढलंय ते तुम्ही रात्रभर सांगत राहिलात, म्हणून आम्ही सासूबाईंना वेळेत बाहेर काढलं."

"ते माझं कामच होतं, ताई," मृणाल संकोचून म्हणाली.

रांगेतली माणसं कौतुकानं तिच्याकडे पाहू लागली. पगारातून हप्ता वजा जाता काय उरतं, एवढंच मी इतकी वर्षं मोजत आलो होतो. कुणाची तरी सासू उरते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

"चला बाबा, आज जेवण माझ्याकडून," मृणाल म्हणाली. मी ताठ मानेनं तिच्या मागोमाग निघालो.